छापखान्यातल्या चिठ्ठ्या आणि तेरा ओळींचा डीएनएस

मामांच्या छापखान्यात प्रत्येक मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली असायची. ‘मोठा प्रिंटर १९२.१६८.१.३४’, ‘फाइली १९२.१६८.१.२०’, ‘कॅमेरा १९२.१६८.१.४१’. लाइट जायची, राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा आणि एखाद्या यंत्राला भलताच पत्ता मिळायचा. मग मला फोन. “अरे, पत्रिकेची फाइल पडलीय आणि चिठ्ठीवरचा नंबर चालतच नाहीये. गिऱ्हाईक समोर बसलंय.” एका पावसाळ्यात असे फोन इतके आले की शेवटी जुनी रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, पिशवीत टाकून मी तिकडे गेलो.

आठ-दहा यंत्रं, एक राउटर, एक छोटा डीएनएस सर्व्हर, एवढाच आपला पसारा. घर, क्लास, दवाखाना, छापखाना, कुठेही हीच रचना चालते. सर्व्हर बसवायला अर्धा तास लागतो. त्यानंतरचा वेळ जातो एकाच शोधात: या कॉम्प्युटरला उत्तर नक्की कोण देतंय? नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात, म्हणून तो डोक्यात ठेवूनच पुढे वाचा.

डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की पत्ता सांगणारा कारकून. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही पद्धत मांडली. त्याआधी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलीत असायची. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे तिथून तिची प्रत उतरवून घ्यायचे. आपण छापखान्यासाठी करणार आहोत तेही जवळपास तेच: नावांची एक साधी फाइल आणि ती वाचून सगळ्यांना उत्तर देणारा एक कारकून.

हा कारकून म्हणजे डीएनएसमास्क. सायमन केली यांनी लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरांसाठीची मोफत सिस्टिम चालणाऱ्या राउटरांमध्ये आधीपासूनच असतो. तुमचा राउटर तसा असेल तर वेगळ्या यंत्राची गरजच नाही, खालची सेटिंग्ज तिथेच करता येतील. बाइंडसारखा मोठा सर्व्हर दहा यंत्रांसाठी बसवणं म्हणजे चहाला पातेलं हवं असताना लग्नाचा हंडा चुलीवर चढवणं.

एक सूचना आधीच. आदेश आणि सेटिंगच्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा. टिंबं, आडव्या रेघा, तिरक्या रेघा जशाच्या तशा ठेवा. दोन स्पेलिंगं हमखास चुकतात. ‘मास्क’मधला शेवटचा क म्हणजे इंग्रजी क्यू, आणि ‘रिझॉल्व्ह’च्या शेवटी ई नाही, शब्द व्हीवर संपतो.

पेटीला कायमचा पत्ता

रास्पबेरी पाय, जुना लॅपटॉप, धूळ खात पडलेला मिनी पीसी, सर्व्हरची पेटी म्हणून काहीही चालेल. काम इतकं हलकं आहे की सगळ्यात जुना पायसुद्धा पुरतो. फक्त वायफायवर ठेवू नका. राउटरच्या मागच्या मोकळ्या भोकात केबल खोचा.

आधी राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन तो पत्ते कुठून कुठपर्यंत वाटतो ते बघा. मी १९२.१६८.१.१०० ते १९९ एवढाच पट्टा त्याच्याकडे ठेवला आणि २ ते ९९ हातानं द्यायला राखून ठेवले. पेटीला दिला १९२.१६८.१.२. रास्पबेरी पायच्या हल्लीच्या सिस्टिमवर हे करायला ‘सूडो एनएमटीयूआय’ असा आदेश द्या. निळ्या पडद्यावर मेनू येतो, त्यात केबलचं कनेक्शन निवडून पत्ता १९२.१६८.१.२/२४, गेटवे १९२.१६८.१.१ भरा. डीएनएसच्या रकान्यात सध्या १.१.१.१ टाका. उत्साहाच्या भरात तिथे आत्ताच पेटीचा स्वतःचा पत्ता टाकलात, तर पेटी ज्याला नावं विचारणार तो सर्व्हर अजून बसलेलाच नाही, आणि तो उतरवून घ्यायला तर नावंच लागतात.

प्रिंटर, फाइलींचं यंत्र, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, ज्यांना नाव द्यायचंय त्या सगळ्यांनाही पक्के पत्ते द्या. राउटरमध्ये यंत्राचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) नोंदवून ‘याला हाच पत्ता’ असं सांगायची सोय बहुतेक वेळा असते. पत्ताच रोज बदलत असेल तर नाव देऊन काय उपयोग?

आडनाव काय ठेवायचं

यंत्राचं नाव ‘प्रिंटर’, पण त्यापुढे डोमेन लागतं. पुष्कळ जण ‘डॉट लोकल’ लावतात. ते टाळा, ते नाव यंत्रांनी आपसांत हाका मारण्याच्या एमडीएनएस या वेगळ्या पद्धतीसाठी राखलेलं आहे आणि मग कधी उत्तर येतं, कधी नाही. मनानं एखादं आकर्षक डोमेनही उचलू नका. ‘डॉट डेव्ह’ लोक आपापल्या घरात बिनधास्त वापरत होते, पुढे ते खरंखुरं डोमेन झालं आणि ब्राउझर त्यावर सक्तीनं एचटीटीपीएस मागायला लागले. घरगुती नेटवर्कसाठी ‘होम.आर्पा’ हे २०१८ मध्ये अधिकृतपणे राखून ठेवलंय. २०२४ मध्ये जगभरच्या डोमेनांचा कारभार बघणाऱ्या आयकॅननं ‘डॉट इंटर्नल’ही खाजगी वापरासाठी बाजूला काढलं. मी पहिलं घेतलं. दिसायला गबाळं आहे, पण ते उद्या कुणी विकत घेणार नाही.

बसवणं

सूडो ॲप्ट अपडेट
सूडो ॲप्ट इन्स्टॉल डीएनएसमास्क बाइंड९-डीएनएसयूटिल्स

दुसरं पॅकेज तपासणीच्या हत्यारांसाठी आहे. ‘बाइंड’ नाव बघून दचकू नका, सर्व्हर बसत नाही.

पेटीवर उबुंटू असेल तर इथेच पहिली ठेच लागते: ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’. डीएनएसचं काम ५३ नंबरच्या पोर्टवर (यंत्राच्या क्रमांक दिलेल्या खिडकीवर) चालतं आणि उबुंटूचा स्वतःचा नावं शोधणारा प्रोग्रॅम, सिस्टिमडी-रिझॉल्व्हडी, १२७.०.०.५३ या पत्त्यावर ते पोर्ट आधीच धरून बसलेला असतो. ‘सूडो एसएस -एलयूएनपी’ दिलंत की कुठल्या पोर्टवर कोण बसलंय ते दिसतं. घाबरून त्याला उडवायची गरज नाही, खालच्या सेटिंगच्या फाइलीतल्या दुसऱ्या ओळीनं दोघंही नांदतात.

आता स्वतःची सेटिंगची फाइल करा. /ईटीसी/डीएनएसमास्क.कॉन्फ ही मूळ फाइल लांबलचक आणि टिपांनी भरलेली आहे. वाचायला छान, हात लावायला नको. त्याऐवजी:

सूडो नॅनो /ईटीसी/डीएनएसमास्क.डी/प्रेस.कॉन्फ

आणि त्यात या तेरा ओळी:

इंटरफेस=ईटीएच०
बाइंड-डायनॅमिक
डोमेन-नीडेड
बोगस-प्रिव्ह
नो-रिझॉल्व्ह
सर्व्हर=९.९.९.९
सर्व्हर=१.१.१.२
नो-होस्ट्स
एडीडीएन-होस्ट्स=/ईटीसी/होस्ट्स.प्रेस
डोमेन=होम.आर्पा
एक्स्पांड-होस्ट्स
लोकल=/होम.आर्पा/
कॅशे-साइझ=१०००

पहिल्या ओळीत तुमच्या केबलच्या कार्डाचं नाव. ‘आयपी ए’ हा आदेश दिला की ते कळतं. पायवर ते ईटीएच० असतं, इतर यंत्रांवर ईएनपी-वगैरेनं सुरू होणारं काहीतरी.

दुसरी ओळ आपल्याकडे फार महत्त्वाची, कारण आपल्याकडे लाइट जाते. पुष्कळ ठिकाणी ‘बाइंड-इंटरफेसेस’ लिहायला सांगतात. तेही चालतं, पण लाइट आल्यावर पेटी आणि राउटर एकदम जागे होतात. केबलला पत्ता मिळायच्या आधीच डीएनएसमास्क उठला तर ज्या दारात बसायचं ते दारच त्याला सापडत नाही. मी पहिल्यांदा तसंच करून आलो होतो. दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेनऊला मामांचा फोन, “तुझी पेटी चालू दिसतेय, पण नावं चालत नाहीत.” ‘बाइंड-डायनॅमिक’ लिहिलं की दार जेव्हा उघडेल तेव्हा तो तिथे जाऊन बसतो.

‘डोमेन-नीडेड’ आणि ‘बोगस-प्रिव्ह’ या दोन सभ्यतेच्या ओळी आहेत. नुसतं ‘प्रिंटर’ असं बिनआडनावाचं नाव किंवा १९२.१६८ मधल्या पत्त्याची उलटी चौकशी बाहेरच्या सर्व्हरांकडे पाठवायची नाही, एवढंच त्या सांगतात. ‘लोकल’वाली ओळ हेच आपल्या होम.आर्पासाठी करते: उत्तर असेल तर घरातूनच, नसेल तर ‘नाही’ म्हणून मोकळं व्हायचं.

बाहेरच्या जगाची नावं कुणाला विचारायची ते दोन ‘सर्व्हर’ ओळींत आहे. मी क्वाड९ आणि क्लाउडफ्लेअर घेतलेत. पहिला बंद पडला की दुसरा, असं हे चालत नाही. दोघांपैकी जो चटकन उत्तर देतो त्याच्याकडे डीएनएसमास्क जात राहतो. म्हणून दोन्ही सारख्याच वळणाचे घ्या. एक नको त्या साइट अडवणारा आणि दुसरा सगळं सोडणारा घेतलात तर अडवण्यात काही अर्थ राहत नाही.

आता ‘नो-होस्ट्स’. डीएनएसमास्क आपण होऊन पेटीची /ईटीसी/होस्ट्स फाइल वाचतो, आणि ते सोयीचंही वाटतं. पण डेबियनच्या घराण्यातल्या (पाय आणि उबुंटू दोन्ही त्यातलेच) सिस्टिमवर त्या फाइलीत यंत्राच्या स्वतःच्या नावापुढे १२७.०.१.१ असा पत्ता लिहिलेला असतो. पेटीपुरतं ते ठीक आहे. पण दुसऱ्या कॉम्प्युटरनं ‘पेटी कुठे आहे?’ असं विचारलं की त्यालाही १२७.०.१.१ हेच उत्तर मिळतं, आणि १२७नं सुरू होणारा पत्ता म्हणजे ज्याचा तो स्वतः. सगळी बाकीची नावं बरोबर आणि एकटी पेटीच सापडत नाही, असा हा विचित्र आजार. मी एक अख्खी दुपार केबली बदलण्यात घालवली होती. म्हणून ती फाइल वाचूच नकोस असं सांगून आपली वेगळी फाइल द्यायची.

ती फाइल अशी. ‘सूडो नॅनो /ईटीसी/होस्ट्स.प्रेस’ आणि आत:

१९२.१६८.१.१ राउटर
१९२.१६८.१.२ पेटी
१९२.१६८.१.२० फाइली
१९२.१६८.१.३४ प्रिंटर
१९२.१६८.१.४१ कॅमेरा

आधी पत्ता, मग जागा, मग नाव. नावं इंग्रजी अक्षरांत, मध्ये हवी तर आडवी रेघ, अंडरस्कोअर नको. मामांना ‘फाइली’च हवं होतं, सर्व्हर वगैरे नको, म्हणून एफ-ए-आय-एल-आय असंच लिहिलं. वापरणाऱ्याच्या तोंडी असेल ते नाव ठेवा. आडनाव प्रत्येक ओळीत लिहायला नको, ‘एक्स्पांड-होस्ट्स’ ते जोडतो.

लिहून झालं की आधी ‘डीएनएसमास्क --टेस्ट’. मूळ फाइलीबरोबर आपलीही फाइल तपासली जावी म्हणून पुढे ‘--कॉन्फ-डिर=/ईटीसी/डीएनएसमास्क.डी’ हेही जोडा. ‘सिंटॅक्स चेक ओके’ आलं की ‘सूडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट डीएनएसमास्क’. पुढे नुसती नावांची फाइल बदलली तर रीस्टार्टच्या जागी ‘रीलोड’ पुरतं; सेटिंगची फाइल बदलली तर मात्र रीस्टार्टच हवा. मी दोन-तीनदा रीलोड करून ‘बदल का दिसत नाही’ म्हणून बघत बसलोय.

विचारून बघा

पेटीवरूनच:

डिग @१९२.१६८.१.२ प्रिंटर.होम.आर्पा

उत्तरात १९२.१६८.१.३४ दिसायला हवं. मग बाहेरचं एखादं नाव, समजा मराठी विकिपीडियाचं, लागोपाठ दोनदा विचारा आणि खाली ‘क्वेरी टाइम’ बघा. पहिल्यांदा काही मिलिसेकंद लागतात, दुसऱ्यांदा शून्य किंवा एक, कारण उत्तर आता पेटीच्या स्मरणात आहे. याला कॅशे म्हणतात. सेटिंग न करता त्यात १५० नावं मावतात, आपण १००० केली. यानं इंटरनेटचा वेग वाढत नाही हेही सांगून टाकतो. पान उघडताना सुरुवातीला जो थबका बसतो तो थोडा कमी होतो, इतकंच.

आता एका विंडोज कॉम्प्युटरवर, आणि एकाच. लगेच सगळ्यांवर नको. कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी ‘एनएसलुकअप प्रिंटर.होम.आर्पा १९२.१६८.१.२’ द्या. शेवटी पत्ता दिला की चौकशी थेट आपल्या पेटीकडे जाते. उत्तर आलं म्हणजे पेटी आणि केबल दोन्ही ठीक. मग त्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १९२.१६८.१.२ टाका, ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’नं जुनी उत्तरं पुसा आणि तोच प्रश्न शेवटच्या पत्त्याशिवाय विचारा. वरच्या दोन ओळींत उत्तर देणाऱ्याचा पत्ता दिसेल. तो पेटीचा असेल तर जिंकलात. तिथे राउटर किंवा दुसराच कुणी दिसला तर सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारायचा.

ब्राउझरमध्ये नुसतं ‘प्रिंटर’ टाइप केलंत तर तो ते शोधायला गूगलकडे नेतो आणि प्रिंटरच्या जाहिराती दाखवतो. पूर्ण नाव टाका आणि शेवटी तिरकी रेघ द्या. एकदा उघडलं की बुकमार्क करून टाका, नंतर कुणी टाइप करत नाही.

दुसरा डीएनएस कुणाचा?

आठवडाभर एका कॉम्प्युटरवर नीट चाललं की सगळ्यांना जोडायचं. सोपा मार्ग राउटरमधला: डीएचसीपीच्या, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटण्याच्या, पानावर ‘प्रायमरी डीएनएस’मध्ये पेटीचा पत्ता. त्याच्याच खाली ‘सेकंडरी’चा रिकामा रकाना असतो आणि प्रत्येकाचा हात तिथे ८.८.८.८ भरायला शिवशिवतो. पेटी बंद पडली तर असावा म्हणून. भरू नका. कॉम्प्युटर आणि फोन त्या दोघांना क्रमानंच विचारतील याची काही खात्री नसते. जेव्हा दुसऱ्याला विचारतील तेव्हा गूगलला तुमचा प्रिंटर माहीत नाही, तो ‘असं नाव नाही’ म्हणून सांगतो, आणि कॉम्प्युटर ते उत्तर खरं मानून गप्प बसतो. दिवसातून दोनदा चालणारा आणि दोनदा न चालणारा प्रिंटर हवा असेल तरच तो रकाना भरा.

कंपनीनं दिलेल्या काही राउटरांत हा रकाना बदलताच येत नाही. मामांकडे तेच निघालं. मग राउटरचं पत्ते वाटायचं काम बंद करून तेही पेटीकडेच घ्यायचं. त्याच फाइलीत आणखी चार ओळी:

डीएचसीपी-रेंज=१९२.१६८.१.१००,१९२.१६८.१.१९९,१२एच
डीएचसीपी-ऑप्शन=ऑप्शन:राउटर,१९२.१६८.१.१
डीएचसीपी-ऑथॉरिटेटिव्ह
डीएचसीपी-होस्ट=प्रिंटरचा मॅक पत्ता,१९२.१६८.१.३४

दुसरी ओळ विसरलात तर पेटी सगळ्यांना ‘इंटरनेटचं दार मीच’ असं सांगते आणि अख्ख्या छापखान्याचं नेट जातं. चौथीसारखी ओळ पक्क्या पत्त्याच्या प्रत्येक यंत्रासाठी घालावी लागते, कारण राउटरमधल्या नोंदी आता गेल्या. आणि आधी राउटरचं डीएचसीपी बंद, मगच डीएनएसमास्कचा रीस्टार्ट. दोघं एकदम पत्ते वाटत बसले की कुणाला काय मिळालं याचा हिशेब लागत नाही. हे काम दुकान बंद झाल्यावर करा.

एवढं करूनही एखादा फोन किंवा लॅपटॉप ऐकत नाही. तेव्हा तीन जागा बघा. अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला कुणाचं तरी नाव भरलेलं असेल तर तो थेट तिकडेच विचारतो, ते ‘ऑटोमॅटिक’ करा. ब्राउझरमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ चालू असेल तर ब्राउझर पेटीला बाजूला सारतो. तिसरी जागा सहसा लक्षातच येत नाही: आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी, लांब पद्धत. आपण सगळी मांडामांड जुन्या आयपीव्ही४ची (१९२.१६८ वाल्या पत्त्यांची) केली, पण राउटर आयपीव्ही६ वरून स्वतःचाच डीएनएस पत्ता सगळ्यांना सांगत राहतो आणि यंत्रं त्याच्याकडेही विचारतात. राउटरमध्ये ते सांगणं बंद करायची सोय असेल तर तेवढंच बंद करा. नसेल तर आतल्या नेटवर्कवरचं आयपीव्ही६ बंद करणं एवढाच मार्ग उरतो. मामांकडे मी तेच केलं, मनापासून नव्हे.

काही आवरासावर

राउटरमधून ५३ नंबरचं पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडून देऊ नका. उघडा डीएनएस सर्व्हर सापडला की लोक त्याच्याकरवी तिसऱ्याच कुणावर उत्तरांचा भडिमार करवतात आणि नाव तुमच्या कनेक्शनचं लागतं. अपडेट करत राहा. २०२१च्या जानेवारीत डीएनएसमास्कमधल्या सात त्रुटी ‘डीएनएसपूक’ या नावानं बाहेर आल्या, त्यासाठी २.८३ ही आवृत्ती काढावी लागली होती.

उत्तरांच्या सह्या तपासणारं डीएनएससेक पायवर पहिल्याच दिवशी चालू करू नका. पायमध्ये सहसा बॅटरीवरचं घड्याळ नसतं. लाइट रात्रभर गेली की सकाळी त्याची वेळ मागे असते, मागच्या वेळेला ताज्या सह्या खोट्या वाटतात, आणि वेळ बरोबर करायला ज्या सर्व्हरला विचारायचं त्याचं नावही मग सापडत नाही. जाहिराती अडवायच्या असतील तर पाय-होल बघा, त्याच्या पोटात डीएनएसमास्कचाच बदललेला अवतार आहे. पण तेही आधी हे महिनाभर सुरळीत चालल्यावर.

काही अडलं तर सेटिंगच्या फाइलीत ‘लॉग-क्वेरीज’ ही ओळ घाला आणि ‘सूडो जर्नलसीटीएल -यू डीएनएसमास्क -एफ’नं कोण काय विचारतंय ते वाहताना बघा. पहिल्यांदा बघताना जरा धक्काच बसतो. कॅमेऱ्याचा डीव्हीआर रात्रभर कुणाकुणाची नावं विचारत होता ते मला तिथेच कळलं. बघून झालं की ओळ काढा. एक तर मेमरी कार्ड उगाच झिजतं, आणि छापखान्यातली पोरं जेवणाच्या सुट्टीत काय बघतात ते मामांना कळायचं काही कारण नाही.

दोन्ही फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि पेटी इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावा. राउटरही त्याच बोर्डावर, नाहीतर पेटी जागी राहून उपयोग नाही. मॉनिटरवरच्या चिठ्ठ्या मी निघताना काढल्या आणि राउटरच्या मागे एकच नवी लावली, मामांच्याच अक्षरात: ‘नावं चालेनाशी झाली तर पेटीची पिन काढून लावणे, दोन मिनिटं थांबणे. तरीही नाही, तर राउटरचं डीएचसीपी चालू करणे, पेटी बंद ठेवणे, सगळे कॉम्प्युटर एकदा बंद-चालू करणे. मग भाच्याला फोन.’